ह्यो चिकू न्हय

डोक्यावर मे महिन्याचं ऊन, मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर सुक्या बांगड्यांचा घमघमाट, आणि इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट घातलेला साठीचा एक माणूस मासळीच्या पालथ्या क्रेटवर चढून दोरीला टांगलेली कॉम्प्युटरची डिस्क ओरबाडतोय! खाली आवडाबाय हातात काठी घेऊन उभी आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. हे मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं. जागच्या जागी थिजले. कारण तो माणूस दुसरातिसरा कोणी नव्हता, माझ्या क्लासच्या जिन्याखालचे घड्याळवाले इनासबाब होते. अख्ख्या मालवणच्या बाजारात त्यांच्याइतका सभ्य माणूस नाही, असं माझ्या नवऱ्याने मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

‘खाली उतर मेल्या! माझे बांगडे कावळे खातले, तेंका हाकूक तुझो बापूस येतलो?’ आवडाबाय.

इनासबाब ढिम्म. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं घड्याळजीचं काळं भिंग त्यांनी डोळ्यात बसवलं, ती तळहाताएवढी डिस्क उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली.

‘ह्यो चिकू न्हय,’ ते म्हणाले. आणि चिकू नसूनसुद्धा ती रुमालात गुंडाळून खिशात घातली. मग पिशवीतून दोन मोठ्या चकचकीत डिस्क काढून स्वतःच्या हाताने दोरीला बांधल्या. ‘घे आवडाबाय, एकाच्या बदल्यात दोन. कावळ्याक काय कळता? तेका चमाकला की झाला.’

आवडाबायने दोन्ही डिस्क हलवून पाहिल्या, उजेड थेट कावळ्यांच्या झाडावर पडला, आणि तिची काठी खाली आली. ‘जा आता,’ ती म्हणाली, ‘चाय पिवन जा.’

मी बघतच राहिले. आत्ता डोकं फोडणार होती, आणि आता चहा!

मी फोंडाघाटची. घाटाच्या पायथ्याला कावळ्याची आठवण फक्त श्राद्धाला होते. इथे किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी आणि कावळे यांचं बारमाही युद्ध असतं आणि त्यात डिस्कचा शोध लागल्यापासून माणसांची सरशी झालेली. दोरीला टांगली, वाऱ्यावर फिरली, ऊन उडालं, की कावळा गेला. हे सगळं मला पुढे कळलं. मला मुळात धक्के फार लवकर बसतात. लग्न होऊन मालवणात आले, बाजारात माडीवर कॉम्प्युटर क्लास काढला, आणि पहिलं वर्ष मी तोंडावर हात ठेवूनच काढलं असं माझा नवरा सगळ्यांना सांगतो. सांगू दे. त्यातले निम्मे धक्के एकट्या इनासबाबांचे आहेत.

इनासबाब माझ्या क्लासवर पहिल्यांदा आले ते दारात बूट काढून. ऑफिसात शिरल्यासारखं शुद्ध मराठी काढलं त्यांनी. ‘मॅडम, आपल्याकडे खराब झालेल्या डिस्का असतील तर मला देण्याची कृपा करावी.’ एवढा मोठा माणूस कृपा वगैरे म्हणतोय म्हटल्यावर मी विरघळलेच. कोपऱ्यातली गोणी उचलून दिली. बिघडलेल्या, ओरखडे पडलेल्या, मुलांनी वाया घालवलेल्या अशा डिस्क. त्यांनी गोणी छातीशी धरली आणि जाताना माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, ‘दोन मिनिटा मागे आसा ह्या.’ शुद्ध मराठी तेवढंच टिकलं.

जूनमध्ये परीक्षा बोर्डाकडे मुलांचे निकाल पाठवायचे होते. निकालाची डिस्क सापडेना! ड्रॉवर पालथे घातले, मुलांवर ओरडले, नवऱ्यावर ओरडले. मग एकदम इनासबाबांना दिलेली गोणी आठवली. तशीच धावत दांडीवर गेले. आवडाबायच्या दोरीवर, पाऊस लागायच्या आधी शेवटचं म्हणून सुकत घातलेल्या मासळीच्या वर, माझ्या अक्षरातली लाल शाईची चिठ्ठी मिरवत ‘निकाल, मार्च बॅच’ गरगर फिरत होता.

आवडाबाय म्हणाली, ‘ह्यो लय बरो आसा गो. एक कावळो येवक नाय.’

माझ्या मार्च बॅचला बघून कावळे पळत होते. मी तिथेच वाळूत बसले.

निकाल घेऊन मी तरातरा इनासबाबांच्या दुकानात आले. दुकान कसलं, जिन्याखालची एक फळी, वर काच आणि काचेखाली शंभर घड्याळांच्या आतड्यांचा पसारा. ‘इनासबाब, हा काय प्रकार आहे? माझ्या डिस्क देऊन तुम्ही त्या चिमुकल्या डिस्क कशाला गोळा करता? आहे काय त्यांच्यात?’

त्यांनी चिमटा खाली ठेवला. पंख्याचा वारा पडणार नाही अशी काच झाकली. आणि मग मला ती गजाल सांगितली.

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमाराला जहाजावरच्या नि आखातातल्या माणसांनी पोरांसाठी एक खेळणं आणलं होतं. अंड्याएवढं, तीन बटणं, बारकीशी काच. काचेत एक पिल्लू. ते भूक लागली की पीं पीं करायचं, त्याला भरवायचं, त्याची घाण काढायची, झोपवायचं. नाही केलं तर मरायचं. त्या खेळण्याच्या डब्यात, सगळ्या नाही, एखाद्यातच, फुकट म्हणून एक छोटी डिस्क असायची. कॉम्प्युटरमध्ये घातली की त्याच पिल्लाचं घर, अंगण, गाणं असं काय काय दिसायचं म्हणे. डिस्कवर छापलेला पांढरा ढग, त्यात पिल्लाचं नाव लिहायचं. पण तेव्हा मालवणात कॉम्प्युटर होता कोणाकडे? पोरांनी नावं लिहिली, आणि डिस्क गेल्या कावळ्यांना.

‘आता ती खंय गावूची नाय मॅडम,’ ते म्हणाले. ‘अख्ख्या जगात गावूची नाय. जपानातव नाय.’

‘तुम्हाला काय माहीत जपानातलं?’

‘फुकट मिळालेला कोण सांभाळता काय?’ मी जपान सोडून दिलं.

‘आणि चिकू कोण?’

इनासबाबांनी काच उघडली, चिमटा घेतला. ‘एक आसा,’ म्हणाले. ‘पेनान लिवलेलो नाय. करकटकाच्या टोकान कोरलेलो. चिकू म्हणान. तो गावाक व्हयो.’ आणि एका बायकांच्या घड्याळात ते असे शिरले की त्यांना पुन्हा बाहेर काढणं मला जमलं नाही.

चिकूबद्दल बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे इनासबाब चिकू शोधतात एवढंच ठाऊक होतं. फळवाल्याने त्यांना एकदा चिकूचा वाटा पुढे केला तर दोन महिने त्याच्या दारावरून गेले नाहीत. ‘गावलो काय चिकू?’ असं कोणी विचारलं की ते गंभीरपणे ‘अजून नाय’ म्हणायचे, जणू विचारणाऱ्याला खरीच काळजी आहे. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की सायकल काढून तारकर्ली, देवबाग, कुठे कुठे फिरायचे. लोकांच्या परसात शिरायचे. एकदा एका होडीच्या पुढच्या नाळीवर शोभेला ठोकलेली डिस्क काढताना पाण्यात पडले, बुटांसकट. वर आले ते हातात डिस्क धरून आणि ‘ह्यो चिकू न्हय’ म्हणत. भाजीवाल्या बायकांनी पदराला तोंडं पुसून पुसून हसून घेतलं. मी मात्र हादरले. त्यांना पोहता येत नव्हतं.

त्यांच्या घरी मी गेले तो धक्का आणखी वेगळा. चर्चच्या मागे कौलारू दोन खोल्यांचं घर. बायको कधीच वारलेली. एकुलती मुलगी लोर्ना मस्कतला नर्स. माणूस एकटा. पावसाचे दिवस होते, कौलं गळत होती, त्यांच्या पलंगावर एक टोप आणि दोन तांबे ठेवलेले, आणि ते स्वतः पायथ्याला अंग चोरून बसलेले. पण शेजारचं लाकडी कपाट? आत विजेचा दिवा! चोवीस तास पेटता. वरच्या फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे, डब्यात तळाला भाजलेले तांदूळ, कापूर, आणि त्यावर बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळलेल्या डिस्क.

‘दमट हवा लागली तर बुरशी येता तेंका,’ इनासबाब म्हणाले.

‘आणि तुम्हाला नाही येत?’ मी ओरडलेच.

‘माका कित्याक येतली?’ ते खरोखर विचारात पडले.

मी तरी काय करणार होते? त्यांची कौलं आमच्या घरच्यांनी शाकारून दिली, आणि डिस्कची एक नवी जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. वर्षातून एकदा, पाऊस लागायच्या आधी, मेमध्ये, जेव्हा घरोघर गोधड्या, तांदूळ, लोणच्याच्या बरण्या सगळ्यांना ऊन दाखवतात, तेव्हा इनासबाब त्यांचे डबे घेऊन माझ्या क्लासवर यायचे. ऊन डिस्कला चालत नाही हे त्यांना मीच सांगितलं होतं. मग उन्हाऐवजी कॉम्प्युटर. ‘हजेरी घेवया,’ म्हणायचे.

हजेरी म्हणजे हजेरीच हो! एकेक डिस्क ते चामड्याच्या मऊ तुकड्याने मधून कडेकडे पुसणार, नाव वाचणार. ‘सोनू.’ मी डिस्क आत घालणार. पडद्यावर एखादा निळा बोका किंवा तीन दातांचं बदक उड्या मारत येणार, परक्या भाषेत गाणं म्हणणार. इनासबाब खुर्चीत पुढे सरकून म्हणणार, ‘बरो आसस मा? बरो आसस. काढ.’ पुढची. ‘टायगर.’ ‘बबली.’ ‘रॉकी.’ सदतीस डिस्क! माझी अख्खी दुपारची बॅच बिनकामाची. पालकांना मी काय सांगायचं? तुमची मुलगी आज बदकाची हजेरी घ्यायला बसली होती?

तीन वर्षं मी हे निमूट सोसलं. तिसऱ्या वर्षी, ते ‘बबली’ म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. संगीता नावाची देवबागची मुलगी, लग्न ठरलेलं, बोटात अंगठी, उठून पुढे आली. अक्षर पाहिलं. ‘मॅडम, ही माझी! दुसरीत होते मी.’ पडद्यावर गुलाबी कानांचं काहीतरी नाचत होतं. तिने त्याच्या कपाळावर बोट ठेवलं आणि ढसाढसा रडायला लागली. इनासबाबांनी तिला डिस्क काढून दिली तर ती म्हणाली, ‘नको काका, तुमच्याकडेच ऱ्हांवदे. सासरी कोण सांभाळतला?’

खरं सांगते, मी तोपर्यंत या माणसाला चक्रम समजत होते. त्या दिवसापासून घरी चक्रम शब्द काढायची मी नवऱ्याला बंदी केली.

आणि पुढच्याच महिन्यात चिकू मला सापडला. मला!

संगीताच्या हळदीला देवबागला गेले होते. मागच्या दारी हात धुवायला म्हणून गेले, तर कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला, कोंबड्यांना कोल्ह्याने नेऊ नये म्हणून की काय, एक छोटी डिस्क सुतळीने बांधलेली. खुराड्याच्या सावलीत होती म्हणून चित्र थोडंफार शिल्लक. पांढरा ढग. आणि ढगात टोकदार कशानेतरी कोरलेलं, वाकडं, च ला पोट जास्त झालेलं: चिकू.

हळदीच्या हातांनी मी किंचाळले. बायका धावून आल्या. त्यांना वाटलं साप. संगीताने सांगितलं, तिची आजी पूर्वी मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची, तिनेच ती कोणाकडून तरी मागून आणलेली. आजी वारली, पण डिस्क खुराड्यावर होती. मी सुतळी सोडली. नवरीने स्वतः गाठ सोडवायला मदत केली, अंगभर हळद घेऊन.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी साडेतीनला मी इनासबाबांना माडीवर बोलावून घेतलं. डिस्क त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी भिंग लावलं नाही. नुसता अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. मग खुर्ची ओढून बसले.

‘गावलो,’ म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. सोळा वर्षं ज्याला हुडकत हा माणूस पाण्यात पडला, काठ्या चुकवत फिरला, तो मी शोधला होता! मला दम निघेना. ‘बघू या! चिकू कसा दिसतो ते बघू या!’ मी त्यांच्या हातातून डिस्क घेतली.

‘थांब गो बाय. आधी पुसून बघूया, भिंगातसून...’

‘अहो, पुसते मी!’ ओढणीने पुसली आणि घातली. त्यातून क्लासमधल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात जोरात फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये घातली.

मी कॉम्प्युटर क्लासची मालकीण. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिते, तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये कधीही घालू नये. मुलांकडून पाच वेळा लिहून घेते. आणि ही कर्कटकाने कोरलेली, भोकाशी सुतळीने काचलेली, सोळा वर्षं खारं वारं खाल्लेली डिस्क! आत गेली, घूंऽऽ असा आवाज वाढत वाढत गेला, आणि फाट्! कॉम्प्युटरचा डबा हादरला. ट्रे अर्धवट बाहेर आला आणि त्यातून चंदेरी तुकडे जमिनीवर सांडले.

माझ्या बोटात तुकडा घुसून रक्त आलं होतं, तेही मला कळलं नाही. इनासबाब उठले. मला वाटलं, आता हा माणूस मला मारेल, आणि मारावंच त्याने.

‘हात बघू,’ ते म्हणाले. चिमट्याने माझ्या बोटातली कपची काढली, खिशातला धुतलेला रुमाल बांधला. ‘डोळ्यात काय गेला नाय मा?’

‘इनासबाब,’ मी रडत म्हटलं, ‘मी मारला हो तुमचा चिकू.’

‘तू न्हय गो. तेका मरान सोळा वर्सा झाली. मी मारलंय तेका.’

मग जमिनीवर बसून, तुकडे वेचता वेचता, त्यांनी जे सांगितलं ते बाजारात कोणालाही माहीत नव्हतं.

चिकू लोर्नाचा. तिच्या मामाने जहाजावरून आणलेला. तेव्हा ती नऊ वर्षांची, आई जाऊन वर्ष झालेलं. ते अंडं ती गळ्यात घालून फिरायची, शाळेत कंपासपेटीत लपवून न्यायची, जेवताना ताटाशेजारी ठेवायची. चाळीस दिवस तिने चिकूला जगवला. एक दिवस काचेतला चिकू पुसट दिसायला लागला. ती दुकानात आली. ‘पप्पा, चिकूक बरो कर.’

‘माका ठावक होता, सेल उतारलो,’ इनासबाब म्हणाले. ‘घड्याळाचो सेल, तोच हेका. मी धंदेवाईक माणूस गो! म्हटलंय, बघ तुझो पप्पा कसो करता. मिनिटभर लागाक नाय. जुनो काढलंय, नवो घातलंय.’

घड्याळाचा सेल बदलला की घड्याळ पुन्हा चालायला लागतं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पण त्या खेळण्यात सेल निघाला की आतलं सगळं पुसलं जातं. काच पुन्हा उजळली तेव्हा तिच्यात चिकू नव्हता. एक कोरं अंडं होतं.

‘चेडवान, माझ्या लोर्नान बघल्यान,’ ते म्हणाले. ‘“ह्यो चिकू न्हय,” म्हणाला. “पप्पा, तू मारलंस तेका.” तिची आवस गेली तेवा रडाक नव्हता गो ता. सगळ्यांका पाणी देय होता. त्या दिवशी माझ्या दुकानात जमनीर पडान रडला.’

त्यांना ते बघवेना. घरात तिने नाव कोरलेली ती डिस्क दिसली तरी छातीत कळ यायची. मासे विकणाऱ्या एका म्हातारीने कावळ्यांसाठी म्हणून मागितली, त्यांनी देऊन टाकली. आठवड्याने लोर्नाने विचारलं, पप्पा, माझी डिस्क खंय? ते म्हणाले, आसा, नीट ठेवलंय. आयुष्यात पोरीशी बोललेलं एकुलतं एक खोटं. तेव्हापासून ते दोरी दोरी पालथी घालत होते. वाटेत दुसऱ्यांची पिल्लं सापडली, तीही घेतली. नाव लिहिलेलं कसं टाकायचं, असं त्यांचं म्हणणं.

‘आता तिका देवचो होतो,’ ते म्हणाले. ‘हातात देवन सांगूचा होता, बाय, पप्पान खोटा सांगललो, माफ कर.’

तेवढ्यात चार वाजले आणि त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. रविवारी चारला लोर्नाचा फोन. इनासबाबांना ऐकू कमी येतं, ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर टाकतात, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

‘पप्पा, जेवलंस? गोळी घेतलंस?’

‘घेतलंय. लोर्ना, तुका एक सांगूचा आसा.’

‘काय झाला? बरो आसस मा?’

‘तुझो चिकू गावलो गो. पण फुटलो. ह्या मॅडमची चूक नाय, माझी...’

मी डोळे मिटून घेतले.

‘कसलो चिकू?’

‘तुझो. अंड्यातलो. मामान जहाजावरसून हाडललो. मी सेल बदललंय आणि तो...’

‘मामान हाडललो? माका?’ ती आठवत होती, खरंच मनापासून आठवत होती, ते आवाजात कळत होतं. ‘सायबा! पप्पा, माका कायच याद नाय. खेळणा होता काय ता?’

इनासबाबांनी ओठ ओले केले. ‘व्हय,’ म्हणाले. ‘खेळणाच.’

‘आणि तू इतकी वर्सा ता सांभाळतंस?’ लोर्ना हसली. चांगली, मायेने हसली. ‘पप्पा, तू पण ना! ड्युटीक जातंय आता. काळजी घे. रविवारी करतंय.’

‘व्हय, व्हय,’ तेही हसले. फोन बंद झाला तरी हसणं थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं.

आयुष्यात मला इतके धक्के बसलेत, पण असा नाही. मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल, माफ करेल. संगीता नाही का रडली? ही विसरलीच होती! क्षणभर मला तिचा रागच आला. मग वाटलं, राग कसला? नऊ वर्षांची पोर, रडली, झोपली, दुसऱ्या दिवशी शाळेत गेली, मोठी झाली. पोरांनी असंच करायचं असतं. पण मग या माणसाची सोळा वर्षं?

‘बरा झाला,’ इनासबाब म्हणाले. ‘माका वाटी, तिच्या मनात आसतला. रातीदिसा माका वाटी. नाय. बरा झाला, बरा झाला.’

असं म्हणत त्यांनी एकेक तुकडा चामड्याने पुसायला घेतला. मोठा वेगळा, बारका वेगळा. ‘च’ लिहिलेला एक तुकडा होता, त्याच्या शेजारी ‘कू’चा बसतो का ते लावून पाहिलं.

‘सोडा ना आता, इनासबाब,’ मी म्हटलं. ‘तिच्या मनात काही नाही. मग तुम्ही कशाला जीव जाळता? कोणासाठी?’

त्यांनी बटर पेपर पसरला. माझ्याकडे पाहिलं, इतकं साधं मला कसं कळत नाही असं.

‘तिका याद नाय,’ ते म्हणाले. ‘म्हणजे आता चिकूक माझ्याशिवाय कोण आसा गो?’

मी ओढणी कमरेला खोचली, गुडघ्यांवर बसले, आणि टेबलाखाली वाकून उरलेले तुकडे शोधायला लागले.